पाटीवर नाव कोणाचे?

आमच्या कोणत्याही वस्तीत जा. नोकरीची वाट पाहून थकलेल्या तरुणाने शेवटी एक छोटेसे दुकान टाकलेले दिसते. कोठे खानावळ, कोठे पिठाची गिरणी, कोठे मोबाईल दुरुस्ती. घराच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दुकानाच्या पाटीवर मात्र 'साई', 'गणेश' नाहीतर 'श्रीलक्ष्मी'! असे का, म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते : "साहेब, जयभीमवाल्याच्या हातचे खाणार कोण?"

या तरुणाला आम्ही हसणार नाही. त्याची भीती खोटी नाही. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर खुद्द बाबासाहेबांनी शेअर व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय थाटला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला सल्लागार! पण हा गृहस्थ अस्पृश्य आहे, हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. सल्ला तोच होता, पण सल्ला देणाऱ्याची जात त्यांना चालली नाही.

परंतु त्यानंतर बाबासाहेबांनी काय केले, तेही आमच्या व्यापारी बांधवांनी पाहावे. ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले आणि त्याला नाव दिले 'मूकनायक'. पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. म्हणून नाव सौम्य केले काय? मुळीच नाही! १९२७ मध्ये पुढचे पत्र काढले ते 'बहिष्कृत भारत'. आजकाल मोठमोठ्या कंपन्या 'ब्रँडचे व्यक्तिमत्त्व' घडवण्यासाठी जाहिरात एजन्सीला लाखो रुपये मोजतात. व्यक्तिमत्त्व म्हणजे तरी काय? हा कोण बोलतो आहे, कोणासाठी आणि कोणत्या सुरात, हे गिऱ्हाइकाला पहिल्या नजरेत कळणे. 'मूकनायक' या एका शब्दाने ते काम केले होते.

नाव न लावण्याचा तोटा किती मोठा असतो, हे कोल्हापुरी चपलेकडे पाहावे. कातडे कमावले ढोर समाजाने, बाभळीची साल आणि हिरडा वापरून. चप्पल शिवली चर्मकारांनी. नाव झाले शहराचे आणि नफा झाला पेठेतल्या दुकानदाराचा. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये त्याच घाटाची चप्पल उतरवली, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेखसुद्धा केला नाही. ओरड झाल्यावर तो केला. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकच्या महामंडळाशी करार झाला, आणि जोडाची किंमत ऐकू आली सुमारे ८०० युरो. कौशल्य तेच होते, फक्त पाटी बदलली. आमचा प्रश्न एवढाच, की त्या चपलेवर शिवणाऱ्याचे नाव कोठे आहे?

याच्या उलट उदाहरण मुंबईचे. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्याने चामड्याचे काम करणाऱ्या असंख्य कारागिरांचे हात रिकामे झाले. चित्रकार सुधीर राजभर यांनी धारावीतील अशा कारागिरांना हाताशी धरून जुन्या टायर-ट्यूबच्या रबरापासून पिशव्या करायला घेतल्या आणि नाव ठेवले 'चमार स्टुडिओ'. जो शब्द शिवी म्हणून तोंडावर फेकला जात होता, तोच शिक्का झाला. त्याआधी २०१६ मध्ये चंद्रभान प्रसाद यांनी लोणची आणि मसाले 'दलित फूड्स' या नावाने विकायला काढले. ज्यांच्या हाताचा विटाळ होत होता, त्यांच्याच हातचे लोणचे! हे धाडस प्रत्येकाने करावे, असा आमचा आग्रह नाही. गावात दोन घरांचा उंबरठा असलेल्या भगिनीला पोट आहे, तिला आम्ही मुंबईत बसून शौर्य शिकवू नये.

मात्र दुसऱ्या टोकाची एक खोडही आम्हाला दिसते. पाकिटावर बाबासाहेबांचा फोटो छापायचा आणि आत भेसळीचे तिखट भरायचे! हे व्यक्तिमत्त्व नव्हे, ही फसवणूक आहे, आणि तीही आपल्याच माणसांची. समाज एकदा भावनेने घेईल, दुसऱ्यांदा चव पाहील.

मराठवाड्यातल्या आमच्या घरांत येसर होतो, काळा मसाला होतो. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहून या रांधपाला पुस्तकात जागा दिली. मग बाजारात नेताना आमची बचत गटाची ताई त्याला 'घरगुती मसाला' एवढेच का म्हणते? घरगुती तर सगळ्यांचाच असतो. कोणत्या गावचा, कोणाच्या हातचा, किती जहाल, आजीने कोणत्या कामावरून आल्यावर कशाशी खाल्ला, हे चार ओळींत लिहावे, आपण घरी बोलतो त्याच बोलीत. बोली शुद्ध करत बसू नये. रंग एक ठरवावा, दर वर्षी बदलू नये. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले तर पाकीट बदलून द्यावे, कारण पाटीपेक्षा हे वागणे जास्त लक्षात राहते. आणि नाव जमले की ट्रेडमार्क नोंदवावा. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षे चालते. आमचे लोक दुकानाच्या उद्घाटनाच्या मंडपावर याहून जास्त घालवतात!

दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा जनसागर येतो. पुस्तके, मूर्ती, पंचशील ध्वज यांच्याबरोबर पापड-मसाल्याचे स्टॉलही लागतात. माल चांगला असतो. घरी जाऊन लोक म्हणतात, पुढच्या वर्षी त्याच्याकडूनच घेऊ. पण पाकीट उलटून पाहावे तर पारदर्शक पिशवी, वर स्टेपलरची पिन, आणि ना नाव, ना गाव, ना फोन नंबर.