अनवाणी बटाटे



शेजारच्या घरात मटण शिजते आहे की नाही, हे आपल्याला वासावरून कळते. स्कॉटलंडच्या ईशान्य भागातल्या कष्टकऱ्यांनी त्यासाठी शब्दच करून ठेवले आहेत. तिथे घरोघरी बटाटे-कांद्याचा एक पदार्थ होतो. त्याचे नाव स्टोव्हीज. त्यात मांस नसेल तर तो 'अनवाणी' स्टोव्हीज. मांस पडले की तोच पदार्थ 'उंच टाचेचा' होतो. कोणाच्या पायात जोडा आहे आणि कोणाच्या ताटात मांस आहे, याचा हिशेब त्या लोकांनी असा एका शब्दात मांडला.

करण्याची रीत सोपी आहे. जाड बुडाच्या पातेल्यात चरबी तापवायची, त्यात कांदा परतायचा, वर बटाट्याच्या जाड चकत्या, मीठ, मिरपूड आणि अगदी थोडे पाणी घालायचे. झाकण घट्ट लावून मंद आचेवर शिजू द्यायचे. तिकडच्या बोलीत 'स्टोव्ह' करणे म्हणजे असे झाकून शिजवणे. रविवारी भाजलेल्या मांसाचा उरलासुरला तुकडा आणि त्यातून गळलेली चरबी सोमवारी या पातेल्यात जाई. चार घास मांस सगळ्या घराला पुरवायचे ते असे. सोबत ओट या धान्याची कडक भाकरी आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले बीट.

मांस कोणते, यावर मात्र गावोगाव वाद आहे. कोणी मोठ्याचे घालतात, कोणी मेंढीचे, कोणी सॉसेज, तर कोणी डब्यातले कॉर्न्ड बीफ. प्रत्येकाला वाटते, माझ्या आईचीच रीत खरी. खरे तर ज्या घरात जे उरले, तीच त्या घरची रीत झाली.

प्रांत बदलला की बटाट्याचा जोडीदारही बदलतो. उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर बटाटा आणि पिवळा सलगम एकत्र कुस्करून क्लॅपशॉट करतात. इंग्लंडच्या सीमेलगत बटाटा, कोबी आणि कांदा एकत्र करून वर चीज घालून भाजतात. त्याला रम्बलडेथम्प्स असे गमतीदार नाव आहे. मोठ्याच्या मटणाचा खिमा आणि उकडलेले बटाटे हे जेवण मात्र देशभर चालते, शाळेतल्या मुलांच्या ताटातही असते.

हा बटाटा त्यांच्या ताटात इतका का आला? अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी कुळांना जमिनीवरून हुसकावले. अनेकांच्या वाट्याला समुद्रकाठचे खडकाळ तुकडे आले. एवढ्याशा जमिनीत कुटुंबाचे पोट भरेल असे पीक एकच, बटाटा. १८४६ मध्ये त्यावर करपा पडला आणि उभे पीक कुजले. टंचाई जवळजवळ दहा वर्षे चालली. हजारो माणसे कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाला गेली, कित्येकांना जमीनदारांनीच जहाजावर बसवले. त्याच काळात बंदरांतून धान्य मात्र बाहेर जात होते. १८४७ मध्ये विक गावी ते अडवायला लोक जमले, तेव्हा त्यांच्यावर सैनिक घालण्यात आले. पीक रोगाने गेले हे खरे, पण लोकांना एकाच पिकावर आणून ठेवले ते माणसांनी. हे दोन्ही वेगवेगळे लिहिले पाहिजे.

आता हॅगिस पाहा. मेंढीचे हृदय, काळीज आणि फुप्फुस बारीक करून त्यात कांदा, चरबी आणि ओटची भरड मिसळायची. हे सारण जनावराच्या पोटाच्या पिशवीत, म्हणजे आपण जिची वजडी करतो तिच्यात, भरून उकडायचे. सोबत कुस्करलेला बटाटा आणि सलगम. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८६ मध्ये या पदार्थावर कविता लिहिली. आजही २५ जानेवारीला त्याच्या जयंतीच्या जेवणात हॅगिस वाजतगाजत पानावर आणतात. अमेरिकेने १९७१ मध्ये अन्नात फुप्फुस वापरण्यास बंदी घातली, म्हणून स्कॉटिश लोकांनी हॅगिस टाकला नाही. स्टॉर्नोवे गावच्या रक्ताच्या सॉसेजला तर २०१३ मध्ये युरोपात कायद्याने संरक्षित नाव मिळाले. रक्ती खाणाऱ्या घरांना यातला मोठेपणा वेगळा सांगायला नको.

भगिनींनो, स्टोव्हीज आपल्या चुलीवरही सहज होईल. बटाटे, कांदा आणि रात्रीचे उरलेले मटण असले की झाले. नसले तर अनवाणी करा, चव तीही चांगली लागते. मुलांना वाढताना त्या नावाचा अर्थ जरूर सांगा. स्कॉटलंडमध्ये आज लग्नाच्या रात्रीही पाहुण्यांना स्टोव्हीज वाढतात. गरिबाचे अन्न मानाच्या पंगतीला आले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ते शिजवणारे अनवाणी का होते, हा प्रश्नही त्या पंगतीला बसला पाहिजे.