‘ओशिन’ : सोसणे आणि निघून जाणे

जपानच्या एनएचके वाहिनीने एप्रिल १९८३ ते मार्च १९८४ या काळात दाखविलेली ‘ओशिन’ ही २९७ भागांची मालिका सुगाको हाशिदा यांनी लिहिली. यामागाता प्रांतातील कुळाची सात वर्षांची पोर पोतेभर तांदळाच्या मोबदल्यात लाकडाच्या व्यापाऱ्याकडे मूल सांभाळण्यास धाडली जाते. बाल ओशिनच्या भूमिकेतील आयाको कोबायाशी हिचा अभिनय विसरता येत नाही.

उणीव आहे ती संकटांच्या अतिरेकाची. १९२३ चा भूकंप, सासुरवास, युद्धात गेलेला मुलगा, पतीची आत्महत्या. आघातांमागून आघात येत राहिल्याने दुःखाची धार बोथट होते आणि प्रेक्षकाला सोशिकपणा हाच एकमेव सद्‌गुण वाटू लागतो.

वास्तविक ओशिन केवळ सोसत नाही. चोरीचा खोटा आळ येताच ती मालकाच्या घरून पळते. सासरचा जाच असह्य होताच लेकराला घेऊन बाहेर पडते. आणि वृद्धपणी, मुलाच्या नव्या दुकानाच्या उद्‌घाटनादिवशीच, भरल्या घरातून निघून जाते. वैभव मिळविताना आपले काय हरवले, हे तिला शोधायचे असते.

वाचकहो, आपल्या लेकीसुनांना ओशिनची गोष्ट सांगताना तिचे सोसणे जरूर सांगावे. परंतु तिचे हे तीन वेळा निघून जाणे गाळू नये.