‘सोर्स वाच’ म्हणणाऱ्यांना

कॉम्प्युटर शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या जालनेकरांनो,

घनसावंगी तालुक्यातल्या एका पोराला गावच्या भजनी मंडळासाठी लिनक्सवर तानपुरा वाजवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा होता. सुरुवात कुठून करू, असं त्याने एका जाणत्याला विचारलं. उत्तर आलं: “सोर्स वाच.” म्हणजे मूळ कोड वाच. ओपन सोर्समध्ये आवाजाचं प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्या नवख्याचे हाल तुम्हाला ठाऊक आहेत. मला बोलायचंय ते या दोन शब्दांबद्दल.

पोराचं अडलं कुठे? सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० फ्रेम. स्टिरिओत डावा-उजवा मिळून एक फ्रेम, १६ बिटांचे दोन आकडे, म्हणजे ४ बाइट. लिनक्सची आवाज हाताळणारी यंत्रणा म्हणजे अल्सा; तिचं आवाज लिहायचं फंक्शन फ्रेमची संख्या मागतं. पोराने बाइटची दिली. फंक्शन चौपट पुढे वाचत गेलं, खरखर झाली, प्रोग्रॅम कोसळला. एका वाक्याने सुटणाऱ्या गाठीपायी त्याचे आठ दिवस गेले. पुढे ‘पीरियड’ भेटला. भौतिकशास्त्राच्या तासाला तो लहरीचा आवर्तकाल असतो, अल्सात मात्र बफरचा एक तुकडा! हे सोर्स वाचून कळतं, पण ज्याला आधीच कळलंय त्यालाच.

“मॅन्युअल आहे की!” आहे. फंक्शनांची यादी आहे. शब्दकोश हातात देऊन कुणाला पत्र लिहायला शिकवता येतं का? “आम्हाला वेळ नाही.” विनामोबदला राबणाऱ्यांचा मी ऋणी आहे, पण शंभराव्या पोराला झिडकारायला वेळ मिळतो, तर एक पान लिहायला का नाही? सगळ्यांत चीड आणणारं म्हणजे, “आम्हीही असंच शिकलो.” पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही आपली रीत. इथे पुढचा ठेच लपवतो आणि मागच्याच्या रक्ताळलेल्या अंगठ्याला पात्रता म्हणतो. हा निव्वळ माज आहे.

आणि नवख्याला समजेल असं लिहिणं जमत नाही असंही नाही. मिलर पकेट यांच्या प्युअर डेटामध्ये, म्हणजे चौकटी जोडून आवाज घडवायच्या प्रोग्रॅममध्ये, कुठल्याही चौकटीवर उजवं क्लिक करा, मदत उघडते आणि ती मदत वाजवूनही बघता येते.

लांब तरी कशाला जा? याच तालुक्यातल्या जांबला १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला. बाळबोध अक्षर मोकळं कसं काढावं, ओळ सरळ कशी ठेवावी, बोरू कसे निवडावेत. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्याला बोरूबद्दल लिहिणं कमीपणाचं वाटलं नाही.

ज्याने कुणी लिनक्सवर एक ‘सा’ वाजवला असेल, त्याने मराठीत एक पान लिहावं. फ्रेम आणि बाइट पहिल्या ओळीत. खाली जसाच्या तसा चालणारा कोड. मग कॉलबॅकमध्ये, म्हणजे आवाज पुरवायला वारंवार बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये, फाइल उघडायची नाही, मेमरी मागायची नाही, आणि का नाही तेही: बफर ४४१ फ्रेमचा असेल तर हाताशी अवघे १० मिलिसेकंद असतात. शेवटी, खरखर आली तर आधी काय तपासायचं. छपाईचा खर्च माझा. पहिली प्रत त्या पोराला मी स्वतः नेऊन देईन.