निर्यातीची जोखीम लहानांच्याच माथी का?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि आसपासच्या सर्व रहिवाशांना, गृहउद्योग चालवणाऱ्या भगिनींना, कारखानदारांना, कामगारांना जाहीर आवाहन

27 ऑगस्ट 2025 रोजी आपल्या घरोघरी गणपती बसत होते. त्याच दिवसापासून अमेरिकेने भारतीय मालावरचा जादा कर 50 टक्क्यांवर नेला. त्याआधी दोन दिवस टपाल खात्याने अमेरिकेची पार्सले घेणे थांबवले होते. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी करमाफी अमेरिका 29 ऑगस्टपासून काढून घेणार होती आणि तो कर कोणी, कसा गोळा करायचा हेच ठरले नव्हते. सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते.

फराळ परदेशी पाठवणाऱ्या आपल्या उपनगरांतल्या बायकांसाठी हे सात आठवडे म्हणजे वर्षाची कमाई. भाजणी दळून आणलेली, डबे आणि पिशव्या छापून घेतलेल्या, न्यू जर्सीतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या ऑर्डरी वहीत लिहिलेल्या. खासगी कुरियरचा दर ज्यांना परवडला त्यांचा माल गेला, बाकीच्यांनी आगाऊ घेतलेले पैसे परत केले. लहान उद्योजकांनी टपालाने निर्यात करावी म्हणून सरकारनेच डाकघर निर्यात केंद्रे काढली. त्या वाटेवर विश्वासाने आलेल्यांना वाट बंद झाल्यावर भरपाई सोडा, साधी विचारपूसही वाट्याला आली नाही.

अमेरिकेने काय करावे हे आपल्या हातात नाही. आपल्या सरकारने, आपल्या बँकांनी, आपल्या विमा कंपनीने काय करावे हे मात्र आपण ठणकावून सांगू शकतो आणि त्यासाठीच हे पत्रक आहे.

आधी हिशेब पाहा. समजा, मुलुंडच्या एका फरसाणवाल्याने 40,000 डॉलरचा एक कंटेनर विकायचे ठरवले. डॉलर 88 रुपये धरला तर त्याचे 35 लाख 20 हजार होतात. भट्टी, मजुरी, पॅकिंग, जहाजभाडे, एजंट, बँक हे सगळे जाऊन पाच टक्के सुटले तर हातात राहतात 1 लाख 76 हजार. फेब्रुवारी 2025 मध्ये डॉलर 88 च्या उंबरठ्यावर होता. मेच्या सुरुवातीला तो 84 च्या आसपास आला. फेब्रुवारीत भाव देऊन मेमध्ये पैसे हातात घेणाऱ्याचे एका कंटेनरमागे 1 लाख 60 हजार गेले. त्याने तेल निकृष्ट वापरले नव्हते, माल उशिरा पाठवला नव्हता, कामगारांचा पगार थकवला नव्हता. तरी तीन महिन्यांत त्याचा नफा जवळजवळ पुसला गेला. आणि त्याच वर्षी डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडली.

मग रुपया पडला की निर्यातदाराची चांदी, असे टीव्हीवर सांगतात ते लहान माणसाला लागू पडत नाही. रुपया घसरल्याची बातमी दुबईच्या आणि लंडनच्या पार्टीलाही त्याच दिवशी कळते आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन येतो, की आता भाव कमी करा. जहाजभाडे डॉलरमध्ये. ज्या पामतेलात शेव तळायची तेही इंडोनेशिया-मलेशियातून डॉलरमध्येच येते. त्यात आपल्याच सरकारने 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ आयातशुल्क लावले, तेही दिवाळीच्या तोंडावर आणि 2025 च्या मेअखेरीस ते 10 टक्क्यांवर आणले. तेलबिया पिकवणाऱ्या शेतकऱ्याला संरक्षण हवे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण ऑगस्टमध्ये परदेशी भाव देऊन बसलेल्याने सप्टेंबरचा घाणा कोणत्या हिशेबाने काढायचा? बेसनाचे तेच. हरभऱ्याचा पुढच्या महिन्यांचा भाव आधी बांधून घेण्याची सोय म्हणजे वायदेबाजार. बाजार नियामक सेबीने डिसेंबर 2021 मध्ये हरभरा, सोयाबीन, मोहरी, कच्चे पामतेल यांच्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती मुदत वाढतच गेली.

आता ही जोखीम वाटून घेण्यासाठी ज्या संस्था उभ्या केल्या आहेत त्यांचे पत्ते पाहा. निर्यातदारांचा विमा उतरवणारी सरकारी कंपनी ईसीजीसी, स्थापना 1957, मुख्यालय अंधेरी पूर्व. एमसीएक्स हा वायदेबाजार, चकाला, अंधेरी. शेतमालाचा एनसीडीईएक्स, कांजूरमार्ग. सेबी आणि राष्ट्रीय शेअर बाजार वांद्रे-कुर्ला संकुलात. घाटकोपरहून यातल्या कुठल्याही दारात आपण तासाभरात पोहोचतो, पण आत गेल्यावर लहान माणसाच्या मापाचे फारसे काही मिळत नाही.

ईसीजीसीचेच घ्या. परदेशी खरेदीदार बुडाला, त्याने पैसे थकवले, त्याच्या देशात युद्ध पेटले किंवा आयातबंदी आली, तर ही कंपनी भरपाई देते. काम मोलाचे आहे आणि ज्यांनी पॉलिसी घेतलेली नाही त्यांनी ती जरूर घ्यावी. एक गैरसमज मात्र आज दूर करा. बँकेने आपल्या कर्जासाठी जो ईसीजीसीचा विमा घेतलेला असतो तो बँकेला वाचवतो, तुम्हाला नव्हे. तुमची पॉलिसी तुम्हालाच काढावी लागते. आणि ती काढली तरी चलनाच्या चढउताराने होणारे नुकसान तिच्यात धरलेले नाही. हा धोका विम्यात बसतच नाही असे कोणी सांगेल, तर ते खरे नाही. यंत्रसामग्री निर्यात करणारे, परदेशात पूल आणि धरणे बांधणारे कंत्राटदार, ज्यांचे पैसे वर्षानुवर्षे हप्त्यांनी येतात, त्यांच्यासाठी चलनाच्या चढउतारापासून संरक्षणाची योजना याच ईसीजीसीने आखलेली आहे. टर्बाईन पाठवणाऱ्याला जे मिळू शकते ते पापड पाठवणारीला का मिळू नये? तिचे पैसे नव्वद दिवसांत येतात, म्हणून तिची जोखीम कमी ठरते का? तिच्याजवळ तर तोटा सोसायला गंगाजळी नाही.

दुसरा मार्ग बँकेचा. येणाऱ्या डॉलरचा भाव आज पक्का करून ठेवणे, यालाच फॉरवर्ड म्हणतात. डॉलरचा पुढच्या तारखेचा भाव साधारणपणे आजच्यापेक्षा काही पैशांनी जास्तच असतो, म्हणजे निर्यातदाराला सुरक्षितता मिळते आणि वर चार पैसेही सुटतात. रिझर्व्ह बँकेचा नियम त्याच्या आड येत नाही. आड येते ती शाखा. पाच-दहा हजार डॉलरचा माणूस काउंटरवर गेला की लिमिट नाही, तारण आणा, मोठ्या शाखेत जा, अशी उत्तरे मिळतात आणि शेवटी बँक लावेल त्या भावाने डॉलर विकून तो घरी येतो. 2019 पासून एफएक्स-रिटेल नावाची व्यवस्था आहे. तिथे लहान ग्राहकाला बाजारातला खरा भाव डोळ्यांनी दिसतो आणि बँकेने त्यावर किती आकार लावला तेही कळते. किती शाखांत याचा मराठीत एक फलक आहे? शेअर बाजारात 2008 पासून 1,000 डॉलरच्या लहान मापात डॉलरचे वायदे मिळत होते. 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रत्यक्ष व्यवहार असेल तरच त्यात उतरा असे बजावले. सट्टेबाज हटले याचे दुःख नाही. पण उलाढाल आटली आणि खऱ्या निर्यातदाराला समोर घेणारा मिळणे अवघड झाले, याची काळजी कोणी घ्यायची?

आणि इतके करून एखाद्याने फॉरवर्ड घेतलाच, तर त्याच्यावर सगळ्यात मोठा घाव आपल्याच घरातून बसतो. कांद्याची गोष्ट तारखांसकट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य. 8 डिसेंबरपासून संपूर्ण बंदी, 31 मार्चपर्यंत. मार्च संपण्याआधीच ती बेमुदत वाढवली. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्कासह. सप्टेंबरात किमान मूल्य गेले, शुल्क निम्म्यावर आले. 1 एप्रिल 2025 ला शुल्क एकदाचे गेले. वीस महिन्यांत सहा वेळा नियम फिरले! डिसेंबरच्या त्या रात्री जो माल बोटीवर चढू लागला होता किंवा कस्टमच्या ताब्यात गेला होता, त्याला सूट मिळाली. जो ट्रकमध्ये होता, निफाडच्या कांदाचाळीत होता, कोलंबोच्या किंवा दुबईच्या व्यापाऱ्याशी कराराने बांधलेला होता, तो अडकला. परराष्ट्र व्यापार धोरणाच्या परिच्छेद 1.05 मध्ये आधीच उघडलेल्या पक्क्या एलसीच्या (बँकेच्या पतपत्राच्या) मालाला संरक्षण आहे. पण बंदीच्या अधिसूचनेतच हा परिच्छेद लागू नाही असे लिहून टाकण्याची वाईट पद्धत पडली आहे.

अशा बंदीत फॉरवर्डवाल्याचे काय होते? माल गेला नाही, डॉलर आले नाहीत, पण बँकेशी केलेला करार जिवंत असतो. तो मोडताना डॉलर वर गेलेला असला तर फरक खिशातून भरावा लागतो. ज्याने शहाणपणाने आधी सावधगिरी घेतली त्यालाच दुहेरी दंड. म्हणून आम्ही म्हणतो की चलनाचे संरक्षण आणि अचानक बंदीपासूनचे संरक्षण ही एकच मागणी आहे. एक देऊन दुसरे नाकारले तर पहिल्याचाही उपयोग नाही.

आमच्या कित्येक वाचक भगिनी विचारतील, की कांदा 70-80 रुपये किलो झाला तर आम्ही काय करायचे? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून हे पत्रक वाटण्याचा आम्हाला अधिकार नाही. शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे. पण त्याची किंमत लासलगावच्या शेतकऱ्याने एकट्याने का मोजावी? सरकारकडे भाव स्थिरीकरण निधी आहे. 2023-24 मध्ये राखीव साठ्यासाठी लाखो टन कांद्याचे उद्दिष्ट होते. तो साठा चढ्या भावाच्या आठवड्यात बोरिवलीच्या आणि घाटकोपरच्या मंडईत वेळेवर उतरवा, गरज पडली तर तिजोरीतून सवलत द्या. स्वस्ताई साऱ्या देशाला हवी असेल तर तिचा खर्च साऱ्या देशाने उचलावा. शिवाय आपल्यातल्या किती घरांचे गाव जुन्नर, सिन्नर, खटाव, राजापूर आहे? इथे कांदा पाच रुपयांनी उतरल्याचा आनंद आणि गावी भावाचा ट्रॅक्टरचा हप्ता थकल्याचा फोन, दोन्ही एकाच घरात येतात.

परदेशात गिऱ्हाईक एकदा गेले की परत येत नाही, हेही सांगितले पाहिजे. आपण दार लावले की आखाती देशांतला व्यापारी पाकिस्तानकडे, चीनकडे वळतो. पुढच्या वर्षी आपण बंदी उठवतो तेव्हा तो विचारतो, तुम्ही मध्येच पुन्हा थांबवणार नाही ना? या प्रश्नावर आपल्याकडे आज प्रामाणिक उत्तर नाही.

केंद्राने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने 25,060 कोटींच्या निर्यात प्रोत्साहन अभियानाला मंजुरी दिली. पण लहान निर्यातदाराला व्याजात सवलत देणारी आधीची योजना 31 डिसेंबर 2024 लाच संपली होती. म्हणजे 2025 मध्ये अमेरिकेच्या करवाढीचे सगळे महिने तो सवलतीविना, पूर्ण व्याज भरत होता.

बोरिवलीकरांनो, कांदिवली-मालाडकरांनो, तुमच्यावर यात विशेष जबाबदारी आहे. उत्तर मुंबईचे खासदार पीयूष गोयल हेच देशाचे वाणिज्यमंत्री आहेत. निर्यातीच्या अधिसूचना काढणारे खाते त्यांचे, ईसीजीसी त्यांच्याच मंत्रालयाखाली. डिसेंबर 2023 च्या कांदाबंदीवेळी वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार ही दोन्ही खाती त्यांच्याकडेच होती. तेव्हा ते राज्यसभेत होते, आज ते तुमच्या मतांनी निवडून आले आहेत. त्यांना भेटायला आपल्याला दिल्लीचे तिकीट काढावे लागत नाही.

त्यांच्यापुढे मांडायच्या मागण्या आम्ही मोजक्याच ठेवल्या आहेत. अन्नपदार्थांवर निर्यातबंदी किंवा निर्यातशुल्क लावायचे तर किमान 30 दिवस आधी सांगा. अधिसूचनेपूर्वीचा करार, आगाऊ रक्कम किंवा एलसी असलेला माल विनाअट जाऊ द्या, परिच्छेद 1.05 अधिसूचनेने बाजूला सारता येणार नाही असा नियम करा. तरीही माल अडवला, तर करार मोडल्याचा आणि फॉरवर्ड मोडल्याचा खर्च सरकारने भरावा. वर्षाला 5 कोटींपर्यंत निर्यात करणाऱ्या अन्न-उद्योगांसाठी ईसीजीसीने अल्पमुदतीचे चलन-संरक्षण सुरू करावे, पहिली तीन वर्षे त्याचा हप्ता निर्यात प्रोत्साहन अभियानाच्या पैशातून जावा. आणि परकीय चलनाचे काम करणाऱ्या प्रत्येक शाखेत त्या दिवसाचा फॉरवर्डचा भाव, बँकेचा आकार आणि एफएक्स-रिटेलची माहिती मराठीत, दर्शनी भागात लावावी.

शेवटच्या मागणीसाठी कोणाच्या सहीची वाट पाहू नका. हे पत्रक घेऊन उद्याच आपल्या बँकेत जा. मॅनेजरांना शांतपणे विचारा, की तीन महिन्यांनी येणाऱ्या 5,000 डॉलरचा आजचा भाव काय आणि त्यात बँकेचे किती. उत्तर लेखी मागा. मिळाले तर त्याची एक प्रत, नाही मिळाले तर शाखेचे नाव आणि तारीख, आपल्या खासदारांच्या जनसंपर्क कार्यालयात नेऊन द्या आणि पोचपावती घ्या.

— उपनगरांतील लहान अन्न-निर्यातदार, गृहउद्योगातील महिला आणि कामगार