हायब्रिड गाडीची शक्ति : कागदावरची व अंगास जाणवणारी

पेट्रोलचें इंजिन आणि विजेची मोटर अशीं दोन यंत्रें ज्या गाडींत एकत्र नांदतात, त्या हायब्रिड गाडीचें बळ किती मानावें, याविषयीं आमच्या विद्यार्थिवर्गांत मोठा वाद चालतो. एक पक्ष दोन्ही आंकड्यांची बेरीज करून ती अभिमानानें सांगतो. दुसरा पक्ष ‘आम्हीं बसून पाहिलें, तींत कांहीं दम नाहीं’ एवढ्यावर तिचा निकाल लावतो. आमच्या मतें दोघेही चुकतात, आणि त्यांतल्या त्यांत दुसऱ्याची चूक अधिक विचार करण्याजोगी आहे.

बेरजेचा प्रश्न लवकर सुटतो. टोयोटा कंपनीची प्रिअस १९९७ सालीं जपानांत विक्रीस आली. तिच्या २००९ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत इंजिन ९८ अश्वशक्तीचें व मोटर ८० अश्वशक्तीची होती. बेरीज १७८ होते. परंतु कंपनी स्वतः एकंदर शक्ति १३४ च सांगे. मग उरलेले ४४ घोडे कोणत्या तबेल्यांत बांधले? ते कधीं नव्हतेच. मोटर ८० ची असली, तरी तिला वीज पुरविणारी बॅटरी एका वेळीं सुमारें ३६ अश्वशक्तीच देऊं शके. मोठी मोट विहिरीवर आणली म्हणून झऱ्याचें पाणी वाढत नाहीं! मोटरीला इंजिनाच्या जनित्राकडूनही वीज मिळते हें खरें; पण ती इंजिनाचीच शक्ति, ती दोनदां कशी मोजावी? आपल्या देशांत २०२२ सालीं आलेल्या हायरायडरचें गणितही याच जातीचें आहे : ९२ आणि ८०, पण एकत्र ११६.

आतां अंगाच्या साक्षीकडे वळूं. आपल्या कानाच्या आंत तोल सांभाळणारें जें इंद्रिय आहे, त्यास वेग कळत नाहीं. वेगांत पडणारा फरक तेवढा कळतो. त्यांतही तो फरक हळूहळू वाढत गेला तर थोडा भासतो, एकदम धक्का बसला तर फार भासतो. साध्या गाडींत गिअर बदलतांना असे धक्के बसतात व प्रत्येक गिअरांत इंजिनाचा सूर चढत जातो. मग कान आणि पाठ दोघेही गाडीच्या जोराची ग्वाही देतात. प्रिअसमध्यें पायऱ्यांचे गिअर नाहींत. तिच्या दंतचक्रांची रचना अशी कीं, इंजिन आपणांस सोयीच्या गतीवर स्थिर राहूं शकतें, आणि चाकें मात्र अधिकाधिक वेगानें फिरत जातात. आवाज एकाच सुरांत घोंघावतो, धक्का लागत नाहीं, आणि बसणाऱ्यास वाटतें कीं इंजिन नुसतेंच ओरडत आहे. उलट, चौकांतून निघतांना मोटर पहिल्या क्षणापासून पुरी ओढ देते, आणि तेथें हीच गाडी आहे त्याहून बलवान भासते. एकच साक्षीदार एका दिवसांत अशा दोन जबान्या देतो. होंडा कंपनीनें तर २०२५ सालच्या प्रिल्यूड गाडींत, नसलेल्या गिअरांचे धक्के व आवाज उत्पन्न करण्याची सोय ठेविली आहे. करमणूक म्हणून ती असूं द्यावी. पुरावा म्हणून ती चालणार नाहीं.

पुरावा घड्याळांत आहे. १४०० किलोग्रॅमची गाडी उभ्या स्थितींतून १० सेकंदांत ताशीं १०० किलोमीटरांचा वेग गांठत असेल, तर तिला सुमारें ५ लक्ष ४० हजार ज्यूल ऊर्जा मिळाली. म्हणजे सरासरी ५४ किलोवॅट, अथवा ७२ अश्वशक्ति. हवेचा विरोध व चाकांचें घर्षण यांचा खर्च वेगळा. हें गणित करण्यास शाळेचें पदार्थविज्ञान पुरे आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. आंबोलीसारख्या घाटांत १७०० किलोग्रॅमची भरलेली गाडी ६०० मीटर उंच चढविण्यास सुमारें २.८ युनिट ऊर्जा लागते. त्या प्रिअसच्या बॅटरींत सारी मिळून १.३ युनिट मावे, आणि तीही सर्व वापरावयाची नसे. इंजिन बराच भार वाहतें खरें; पण सतत जोर लावला असतां सांठा उतरतो, आणि १३४ च्या जागीं ९८ च उरतात. पुढें लांकडांनीं भरलेला ट्रक, समोरून एस. टी. येत आहे, आणि चालविणारा पायथ्याशीं अनुभवलेल्या ओढीवर भरंवसा ठेवून बाजू काढतो, अशा वेळीं त्या ३६ घोड्यांची उणीव जीवावर बेतूं शकते.

म्हणून आमची मागणी अशी कीं, शक्तीच्या आंकड्यापुढें ती किती वेळ टिकते व बॅटरी किती भरली असतां मोजली, हेंही छापावें. मोजण्याची रीत नाहीं, ही सबब आतां चालणार नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमानें २०२० सालीं त्यासाठीं जागतिक नियम ठरला आहे. जाहिरातींत मात्र बहुधा एकच आंकडा ठळक असतो. तोंवर ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल, त्यांनीं घाटांत रस्ता मोकळा असतां, सारख्याच चढावर, ताशीं ४० वरून ६० किलोमीटरांपर्यंत जाण्यास लागणारा वेळ एकदां पायथ्याशीं व एकदां माथ्याजवळ नोंदवावा. घड्याळ मात्र शेजारीं बसणाऱ्याच्या हातांत असावें, चालविणाऱ्याच्या नव्हे.