हळहळ फुकट असते

पाण्याखालचे खेळ म्हटलं की अमेरिकेतली जुनी मंडळी हळवी होतात. फ्लोरिडात हायवेलगत वीकी वाची नावाचा झरा आहे. १९४७ साली न्यूटन पेरीनं तिथं पाण्याखालचं थिएटर काढलं. प्रेक्षक काचेआड, आणि पाण्यात जलपऱ्या झालेल्या मुली रबरी नळीतून श्वास घेत नाचतायत! सुरुवातीला गाडीचा आवाज आला की याच मुली रस्त्यावर पळत जाऊन गिऱ्हाईक बोलवायच्या. १९७१ ला डिस्ने वर्ल्ड आलं आणि अशा खेळांची गर्दी ओसरली.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या जत्रांत जलपरी नव्हती, पण तमाशा होता, अजून आहे. 'काय ते दिवस होते राव!' असं आपणही म्हणतो. आणि वर्गणीचा हिशेब निघाला की 'तमाशा कशाला, डीजे लावा' म्हणणारेही आपणच :)

विठाबाई नारायणगावकरांना दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या गेल्या. पुढं सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चांगलंच झालं. पण फ्लोरिडा सरकारनं २००८ मध्ये तो झराच ताब्यात घेतला आणि जलपऱ्यांना पगारावर ठेवलं. खेळ चालू असताना!

आमच्या धंद्यात जुनं सॉफ्टवेअर प्रेमावर नाही, मेंटेनन्सच्या पैशावर चालतं. कलेचंही तेच. असो. गुढीपाडव्याला नारायणगावात फडांच्या राहुट्यांवर गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. हळहळणाऱ्यांनी निदान तेव्हा घासाघीस जरा कमी करावी.