ऋणकोने न्यायासनावर बसावे काय?

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने पापपुण्याच्या चर्चेत पडू नये, असा संकेत आहे. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायाच्या अखेरीचा दृष्टान्त हा मुळातच देण्याघेण्याचा हिशेब आहे. एका दासाकडे राजाचे दहा हजार टॅलेंट येणे असते. तो गयावया करतो आणि राजा सारे कर्ज माफ करतो. बाहेर पडताच त्याला स्वतःचा एक ऋणको भेटतो. त्याचे देणे अवघे १०० दीनार. हा त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात घालतो.

दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक टॅलेंट म्हणजे सुमारे ६,००० दीनार. अर्थात राजाचे येणे ६ कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. वर्षाचे ३०० दिवस राबून सारी मजुरी भरली, तरी ते फिटण्यास दोन लाख वर्षे लागतील. दोन कर्जांचे प्रमाण सहा लाखांस एक असे पडते. येशूच्या अरामी बोलीत ऋण आणि पाप यांना एकच शब्द होता, हे ध्यानी घेतले म्हणजे या हिशेबाचा रोख स्पष्ट होतो.

मात्र १०० दीनार म्हणजे शून्य नव्हे. मजुराच्या दृष्टीने ती तीन महिन्यांहून अधिक दिवसांची कमाई आहे. दुसऱ्याने आपले काही बुडविलेच नाही, असे हा दृष्टान्त सांगत नाही. दोष खरा असतो, येणेही खरे असते. विसर पडतो तो आपल्या स्वतःच्या खात्याचा. ‘दुसऱ्याचा न्याय करू नका’ या शिकवणीचा अर्थ ‘सगळे चालते’ असा लावणाऱ्यांनी हे विसरू नये.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न नियमशास्त्राच्या अंगाने मांडला आहे. नियमशास्त्र त्याला पवित्रच वाटते. पाप म्हणजे काय हे त्यामुळेच कळते. परंतु पाप दाखवून देणे निराळे आणि त्यातून सोडविणे निराळे. तराजू मालातील तूट दाखवितो, ती भरून काढीत नाही. म्हणूनच, जो दुसऱ्यास दोषी ठरवितो तो स्वतःविरुद्धही निकाल देत असतो, असे पौल बजावतो.

मग न्यायालये बंद करावीत काय? मुळीच नव्हे. न्यायालय पुरावा पाहून कृत्याचा निवाडा करते आणि त्याची मर्यादा तेथेच संपते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडसंहितेचे कलम ४९७ रद्द केले, तेव्हा व्यभिचार हा गुन्हा उरला नाही; तो नीतीस धरून आहे, असा त्याचा अर्थ नव्हता. कायदा आणि पाप यांची क्षेत्रे भिन्न आहेत. एकाचे शस्त्र दुसऱ्याच्या हाती गेले की काय होते, हे गोव्याने अनुभवले आहे. १५६० मध्ये तेथे स्थापन झालेले इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले; तोवर माणसांच्या श्रद्धेचीच खटले भरून झडती घेतली गेली. न्याय करू नका, असे ज्याने सांगितले त्याच्याच नावाने हे घडले.

याच धर्माचे दुसरे रूप पंडिता रमाबाईंनी १८८३ साली लंडनजवळच्या फुलहॅम येथे पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथील ख्रिस्ती भगिनी मायेने सेवा करीत होत्या. त्या दर्शनाचा रमाबाईंच्या धर्मांतराशी निकटचा संबंध आहे. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात अशा स्त्रियांसाठी त्यांनी ‘कृपासदन’ उघडले. त्या नावात निवाडा नाही, कृपा आहे.

हे लिहिण्यास एक खासगी कारणही आहे. काही वर्षांपूर्वी परीक्षेत एका विद्यार्थ्याजवळ मला चिठ्ठी सापडली. नियमानुसार अहवाल देणे माझे कर्तव्यच होते आणि तो मी दिला. परंतु ‘विद्यार्थी मूळचाच अप्रामाणिक आहे’ असे एक वाक्य मी त्यात जादा घातले. ते कोणी मला विचारले नव्हते. त्याच आठवड्यात, न घेतलेला एक तास घेतल्याची नोंद मी हजेरीपटात केली होती. माझा अहवाल कोणी लिहिला नाही. विद्यार्थ्याला शिक्षा झाली, ती योग्यच होती. ते एक वाक्य मात्र मला आजही मागे घेता आलेले नाही.